रकान्यातली आडवी रेघ

३ जानेवारी २०००, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने ही डायरी फुकट दिली. पानापानावर कॅल्शियमच्या गोळ्यांची जाहिरात आहे, पण कागद बरा आहे. दुपारी एक ते साडेचार क्लिनिक बंद असतं. त्या वेळात सगळं शारजा झोपतं. घरी जाऊन यायचं तर अर्धा वेळ रस्त्यावरच जातो, म्हणून मी तपासणीच्या खोलीत बसून राहणार आणि इथेच लिहिणार. यतीनची बदली झाली म्हणून आले, नाहीतर सांगलीतलं चालतं काम सोडून या वाळूत कोण आलं असतं.

रुजू होऊन तिसरा दिवस आणि पहिलं भांडण झालं. मी खोलीच्या दारावर पाटी लावली होती, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' मराठी, हिंदी, इंग्रजी. अरबीत लिहून द्यायला फार्मसीतल्या याकूबला सांगितलं होतं, तो नुसता हसला. आज सकाळी पाहते तर पाटी गायब. शालिनीने काढायला लावली. डॉ. शालिनी या क्लिनिकची मालकीण आणि इथली स्त्रीरोगतज्ज्ञ. कॉलेजात माझ्याच बॅचला होती, त्यामुळे आपला माझ्यावर हक्क आहे असं तिला वाटतं. म्हणाली, इथे तसला कायदा नाही, अरब बायका पाळण्याचा रंग ठरवायला विचारतात, पाटी बघून लोक बिचकतील. मी म्हटलं, तुझ्या अरब बायका राहू देत, निम्म्या बायका आपल्याकडच्या आहेत आणि त्या पाळण्याच्या रंगासाठी विचारत नाहीत.

"मनोरमा, हे सांगली नाही," ती म्हणाली.

माणसं तीच आहेत, असं सांगून मी दार लावून घेतलं.

माझी पद्धत बदलणार नाही. डोकं, मणका, हृदय, पोट, हातपाय बघून झाले की सोनोग्राफीचा प्रोब मांड्यांपर्यंत जायच्या आधी उचलायचा. मी बघतच नाही. बघितलं की चेहऱ्यावर दिसतं, आणि बायका चेहरा वाचायला टपलेल्याच असतात. रिपोर्टमध्ये 'लिंग' असा रकाना आहे, त्यात आडवी रेघ मारायची. चौदा वर्षांत ती एकदाही चुकलेली नाही.

चौदा वर्षं म्हणजे १९८६ पासून. कायदा नंतर आला, माझी रेघ आधीची. तेव्हा मी सांगलीत नवखी होते. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून एका बाईला 'मुलगी' असं सांगितलं. तिने माझा हात हातात घेऊन आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून तिला स्ट्रेचरवर खाली आणताना पाहिलं. मला ओळखून तिने मान हलवली, जणू आम्ही दोघींनी मिळून एक काम उरकलं होतं. त्या दिवसापासून रकान्यात रेघ मारायला लागले. हे मी यतीनलाही सांगितलेलं नाही.

२६ जानेवारी, बुधवार

आज अकरा जणी आल्या, त्यातल्या सात जणींनी विचारलं. एकीचा नवरा टाय लावून आला होता. 'जस्ट फॉर प्लॅनिंग, डॉक्टर' म्हणे. मी म्हटलं, दोन्हीचं प्लॅनिंग करून ठेवा, एक फुकट जाईल. त्याने शालिनीकडे तक्रार केली.

सिस्टर लिसम्माला वाटतं मी विनाकारण चिडते. केरळची बाई, स्वभावाने गरीब. "बोल दो ना डॉक्टर, खलास," म्हणते. फॉर्म भरायचं काम तिचं. आधीची बाळंतपणं, आजार, घराण्यात काही जन्मजात व्यंग आहे का, असे सगळे प्रश्न ती विचारून लिहून ठेवते. तपासणीआधी मी तो फॉर्म वाचत नाही. आधी वाचला की डोळे तेवढंच शोधत बसतात, कोरं मन ठेवून बघावं, असं माझं मत आहे. वेळ मिळाला तर नंतर वाचते. आजकाल मिळत नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

आज डोकं फिरवलं एका जोडप्याने. सुरुची, वय सत्तावीस, पहिलटकरीण, आज बरोबर अठरा आठवडे. नवरा रुपेश, इंडस्ट्रियल एरियात एसीच्या डक्टचं वर्कशॉप चालवतो. डोंबिवलीची माणसं. शालिनीच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'सेक्स प्लीज. इम्पॉर्टंट.' म्हणजे आता लेखी फर्माईश. तळपायाची आग मस्तकात गेली. पेशंटला टेबलावर तसंच ठेवून मी शालिनीच्या खोलीत गेले. ती बॅग घेऊन निघालीच होती, वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणून महिनाभर मुंबईला चाललीय. "ऐकून तर घे, या केसमध्ये—" असं काहीतरी सुरू केलं तिने. मी म्हटलं, धंदा कर, पण माझ्या खोलीत करू नकोस. तिचा ड्रायव्हर वली खाली हॉर्न वाजवत होता. ती घाईने खाली गेली.

परत येते तर मुलगी टेबलावर उताणी पडून छताकडे बघत होती. जेल लावायच्या आधीच तिचा प्रश्न आला. "मॅडम, मुलगा आहे का?"

नेहमीची गोष्ट. मी जेल लावलं. डोकं मोजताना पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज कापत होता. मला त्या कापऱ्या आवाजांची सवय आहे, सासू घरी वाट बघत असली की असाच कापतो. मी प्रोब उचलला आणि तिला ऐकवलं. शिकलेली आहेस, परदेशात राहतेस, पोटात जीव आहे तो आधी धड आहे का हे विचारावंसं वाटलं नाही, मुलगाच पाहिजे काय? ती म्हणाली, "तसं नाही मॅडम, माझ्या आईकडे..." मी म्हटलं, आईकडे, सासरकडे, सगळीकडे हेच आहे, मला घराण्याचं कौतुक सांगू नका. नवरा दारात किल्ल्या फिरवत उभा होता. त्याच्याकडे बघून मी विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय? त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

बाळ ठणठणीत. मणका सरळ, हृदयाचे चार कप्पे नीट, डोक्यातल्या पाण्याच्या पोकळ्या ९.४ मिलिमीटर. दहापर्यंत नॉर्मल. वीस मिनिटांत एकदाही मूठ उघडली नाही, दोन्ही अंगठे तळव्यात घट्ट दाबून बसलेलं. मुठीचा एक फोटो छान निघाला, तो त्यांना दिला. हट्टी आहे म्हटलं, आईसारखंच. कुणी हसलं नाही. रकान्यात रेघ मारली.

१४ फेब्रुवारी, सोमवार

ते दोघं पुन्हा आले, अपॉइंटमेंटशिवाय. या वेळी बायको बाहेर बसली आणि नवरा आत घुसला.

"मॅडम, बावीस तारखेच्या आत आम्हाला बॉम्बेला जायला लागेल. बाद में वहाँ भी कोई हाथ नहीं लगाएगा," तो म्हणाला. "फ्लाइट बुक करू की नको, तेवढं सांगा. दुसरं काही नको."

इतकं उघडं मी आजवर ऐकलं नव्हतं. बावीसला तिचे वीस आठवडे पूर्ण होतात. त्यानंतर आपल्याकडे गर्भपात करता येत नाही, आणि इथे तर मुळीच नाही. माणूस माझ्या तोंडावर सांगत होता की तारखेच्या आत निकाल द्या, म्हणजे तिकीट काढायचं की नाही ते ठरवतो. एसीचा डक्ट कापावा तसं. मी उभी राहिले आणि त्याला खोलीबाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये पाकिस्तानी, अरब, आपले, सगळे बघत होते. मी मुद्दाम मोठ्याने बोलले. तोही ओरडला, "आपने पूछा भी नहीं क्यों!" कारणं मला पाठ आहेत, असं मी सांगितलं. सुरुची उठून लिफ्टकडे गेली. जाताना तिने पोटावर बॅग धरली होती.

मग त्यांचा फॉर्म काढला आणि लाल शाईने आडवं लिहिलं, 'गर्भलिंगनिदानाची मागणी. कोणतीही माहिती देऊ नये.' जागा कुठे नव्हतीच. घराण्याच्या इतिहासाच्या रकान्यात लिसम्माने काहीतरी बारीक खरडलं होतं, त्याच्यावरूनच लिहिलं. ती म्हणाली, "डॉक्टर, उधर फॅमिली हिस्ट्री लिखा है." मी म्हटलं, मला दिसतंय.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

आपल्याकडचे तीन सोनोग्राफीवाले ओळखीचे आहेत, दोन दुबईत आणि एक इथेच. तिघांना फोन केले. नाव, वय, नवऱ्याचं वर्णन दिलं. ही जोडी आली तर सांगायचं नाही. तिघेही हो म्हणाले. दुबईतला एक तर म्हणाला, मॅडम, तुमच्यासारखे लोक इथे पाहिजेत. बरं वाटलं. किती दिवसांनी कुणी चांगलं बोललं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या शुभ्राच्या शाळेत जीवशास्त्राचा प्रोजेक्ट आहे. शाळा दुबईत, ऊद मेथाला, सकाळी सहाला बस, त्यामुळे पोरगी घरी येते ती अर्धी झोपेतच. आज दुपारी शाळेतून थेट इथे आली, तपासणीच्या टेबलावर कागद पसरले आणि मला कामाला लावलं. घराण्याचा तक्ता काढायचा होता. मुलगे चौकोनात, मुली गोलात, आजार असेल तो चौकोन काळा करायचा.

मी तिला असं समजावलं की तिच्या टीचरलाही जमलं नसतं. आई स्वतः धडधाकट असते, पण दोष तिच्या अंगात लपलेला असतो. मुलींना होत नाही, मुलग्यांना होतो. तिचे भाऊ गेलेले असतात, मामा गेलेला असतो, आणि लोक म्हणतात या घरात मुलगे टिकत नाहीत.

"So what do you ask first?" शुभ्राने विचारलं. ती आता मराठीत उत्तरच देत नाही.

मी म्हटलं, अशा घरातली बाई गरोदर राहिली तर पहिला प्रश्न एकच, मुलगा की मुलगी. मुलगी असेल तर निश्चिंत राहा. मुलगा असेल तर निम्मी शक्यता आणि मग डोळ्यांत तेल घालून बघायचं.

ती म्हणाली, "But you never look, Aai." ते वेगळं, असं मी सांगितलं. तिने काळे चौकोन रंगवले आणि आम्ही खालून शोरमा मागवून खाल्ला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्या सुरुचीचे वीस आठवडे पूर्ण. लिसम्माकडून कळलं की ती इथेच आहे, मुंबईला गेली नाही. आता तिकडे कुणी हात लावणार नाही. एक मुलगी वाचली. चौदा वर्षांपूर्वीचं देणं थोडं तरी फिटलं असं आज मनापासून वाटलं. दुपारी टेबलावर आडवी झाले आणि चक्क झोप लागली.

५ एप्रिल, बुधवार

गुढीपाडवा. सुट्टी नाहीच, पण संध्याकाळचं क्लिनिक शालिनीने बंद ठेवलं. ती मुंबईहून आल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या वडिलांची तब्येत बिघडली, ती दीड महिना तिकडेच अडकली, त्यात माझा काय दोष.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं होतं. ऊद मेथाच्या हॉलमध्ये गुढी उभारली होती, श्रीखंडाचे डबे रांगेत. मी लेकींवर बोलले. परदेशात येऊनही आपली नजर बदलली नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, याच हॉलमध्ये अशी माणसं बसली आहेत ज्यांनी तिकिटाची तारीख ठरवायला माझ्याकडे निकाल मागितला. नाव घेतलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

सुरुची तिसऱ्या रांगेत होती, पोट बरंच पुढे आलेलं. टाळ्या चालू असताना ती उठून गेली. बोचलं म्हणजे लागलं असणार. नंतर श्रीखंडाच्या रांगेत एक किडकिडीत म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. व्हिजिट व्हिसावर आलेली सुरुचीची आई.

"तुम्हाला मुलगे किती?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एक मुलगी आहे आणि मला ती पुरेशी आहे.

"माझे दोन मुलगे होते," ती म्हणाली. "मग तुम्हाला नाही कळायचं."

मूळ सापडलं. आईच मुलग्यांची टिमकी वाजवणारी, लेक वेगळी कशी होणार. मी श्रीखंड घेऊन पुढे सरकले. रुपेश गाडी घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता दोघींना बसवून घेऊन गेला.

१८ एप्रिल, मंगळवार

क्रमाने लिहिते.

आज सकाळी सुरुची आली. अठ्ठावीस आठवडे. शालिनीने तिला हाताला धरून आणलं, स्वतः खोलीत उभी राहिली. सुरुचीने चप्पल काढली. टेबलावर चढली, साडी खाली केली, छताकडे बघू लागली.

डोकं आधी घेतलं. पाण्याच्या पोकळ्या. २४ मिलिमीटर. मी पुन्हा मोजलं. २४. दुसऱ्या बाजूला २५. मेंदू पाण्याभोवती साल राहावी तसा कडेला गेलेला. मग हात. मूठ बंद. अंगठा तळव्यात. दुसरा हात, तसाच. मी वाट बघितली, पोटावर हलकं दाबलं, बाळ हललं, पाय झाडले. अंगठे आले नाहीत बाहेर. हट्टी नव्हतं ते. ते अंगठे उघडत नाहीत. फेब्रुवारीतही उघडत नव्हते. फोटो मीच काढून दिला होता.

काळे चौकोन. माझे दोन मुलगे होते. होते.

मी प्रोब खाली नेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा नेला. मांड्या दिसल्या आणि मी बघितलं.

"आता सांगा मॅडम," सुरुची म्हणाली. छताकडेच बघत होती. "मुलगा आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. शालिनीने तिचं पोट पुसलं. ते काम माझं असतं.

१९ एप्रिल, बुधवार

फॉर्म काढून उन्हात धरला. माझ्या लाल शाईखाली लिसम्माची बारीक अक्षरं अजून वाचता येतात. आईचे दोन मुलगे, डोकं मोठं, एक सात महिन्यांचा गेला, एक अकरा महिन्यांचा. आईचा भाऊ, तेच. 'पेशंटला मुलगा आहे का हे जाणून घ्यायचं आहे.' एवढंच. अडीच ओळी. 'माहिती देऊ नये' मधला 'नये' बरोबर 'आईचा भाऊ'वर पडलाय.

शालिनीपाशी गेले. मी आधी माझी बाजू मांडली, ती इथेही मांडते. ९.४ हे नॉर्मलच होतं. कुठल्याही पुस्तकात दहाची रेषा आहे. अठरा आठवड्यांना हा आजार अनेकदा दिसतच नाही. अंगठा कुणी मोजत नाही. कुठलंही वैद्यकीय मंडळ मला दोषी धरणार नाही.

शालिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "९.४, दोन्ही अंगठे आत, मुलगा, आणि दोन मामा. हे चार एकत्र कुणी दाखवले असते तर तू दोन मिनिटांत सांगितलं असतंस. त्यातल्या तीन गोष्टी तुझ्याजवळ होत्या. चौथी तू बघितली नाहीस."

तू मला का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मी सांगत होते, तू धंदा म्हणालीस. मग वडिलांच्या नादात माझ्याही डोक्यातून गेलं, माझीही चूक आहे, ती मी त्यांना सांगितलीय. तू तुझी सांग.

२० एप्रिल, गुरुवार

त्या तिघांना पुन्हा फोन केले. दुबईतला तोच म्हणाला, हो मॅडम, सोळा फेब्रुवारीला आले होते, नवरा फार गयावया करत होता, कसले कसले रिपोर्ट दाखवत होता. "तुमच्या शब्दावर मी त्यांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं." अभिमानाने सांगत होता. दुसऱ्याकडेही गेले होते. सरकारी हॉस्पिटलने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या तारखेला इजिप्तच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं, मबरूक, म्हणजे अभिनंदन, मुलगा आहे. तोवर एकविसावा आठवडा उलटून गेलेला. हे शालिनीने सांगितलं. म्हणजे परवा सुरुचीला आधीच माहीत होतं. तरी तिने मला विचारलं. माझ्याच तोंडून ऐकायचं होतं तिला.

२ मे, मंगळवार

रुपेशच्या वर्कशॉपवर गेले. इंडस्ट्रियल एरियात पत्र्यांचा आवाज इतका की बोलणं ऐकू येईना. त्याने मशीन बंद करायला लावलं नाही. मी वाक्य तयार करून गेले होते, सांगलीची गोष्टही सांगणार होते. तो हातमोजे काढून म्हणाला, "मॅडम, आप जाइए. इथे नका येऊ." आणि पत्रा उचलून आत गेला. मी उन्हात टॅक्सीची वाट बघत उभी राहिले.

सांगलीच्या बाईची गोष्ट त्याला का सांगायची होती, हे मला अजून कळलेलं नाही. तिचा आणि याचा काय संबंध.

१ जुलै, शनिवार

मंगळवारी सुरुचीचं सिझेरियन झालं. डोकं मोठं म्हणून नैसर्गिक शक्यच नव्हतं. मुलगा. मेंदूतलं पाणी काढायला नळी घातली आहे. जगेल, असं म्हणतात. किती आणि कसा, ते कुणी सांगत नाही. नाव सिद्धांत ठेवलंय.

मी काल हॉस्पिटलात गेले. जाऊ नको म्हणून शालिनीने बजावलं होतं. सुरुची काचेपाशी व्हीलचेअरवर बसली होती. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतंय त्याच्याकडे बघून.

"त्याच्याबद्दल तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तो माझा आहे. मी त्याचं बघेन. मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, बोलायचं तर त्याबद्दल बोला."

तिची आई काचेपलीकडे, आत, बाळाच्या मुठीत बोट घालायचा प्रयत्न करत होती. जरा वेळाने सुरुचीनेच सिस्टरला बोलावून खुर्ची वळवून घेतली.

९ सप्टेंबर, शनिवार

सव्वादोन महिने काही लिहिलं नाही. काम चालू आहे. फॉर्म आता आधी वाचते, शब्दन् शब्द. त्यामुळे रोज तीन पेशंट कमी होतात, शालिनी काही म्हणत नाही. कुणी लिंग विचारलं की मी विचारते, का विचारताय. बहुतेक जणी गोंधळतात. काही जणींना अजून मुलगाच हवा असतो, ते ऐकून अजूनही डोकं तापतं, आणि त्यांना मी अजूनही सांगत नाही. पण पहिली दोन मिनिटं गप्प बसते. गप्प बसणं मला फार जड जातं.

शुभ्राच्या प्रोजेक्टला शाळेत पहिला नंबर मिळाला होता. तो तक्ता तिने भिंतीवर लावलाय. मी काढायला सांगितला तर म्हणाली, "Why? You explained it so well."

११ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या यादीत शर्वाणी असं नाव होतं. उम्म अल कुवैनहून आलेली, वय चोवीस, सोळा आठवडे, नवरा तिकडच्या फॅक्टरीत सुपरवायझर. मी फॉर्म उघडला. घराण्याच्या रकान्यात लिसम्माने जागा भरून लिहिलं होतं. आईचे दोन मुलगे. आईचा भाऊ. आणि शेवटी, 'बहिणीचा मुलगा, चार महिने, नळी.'

वर बघितलं तर दारात सुरुची उभी. कडेवर सिद्धांत, डोक्यावर लोकरीची टोपी, डोळे खाली वळलेले. टोपीच्या बाजूला नळीचा उंचवटा दिसत होता. मी उठून उभी राहिले.

"बसा," ती म्हणाली. "हिला दुसरीकडे नेणार होते. रुपेश म्हणाला, त्या बाईचं तोंड बघू नको. पण मी विचार केला, आता या जगात हे बघायला तुम्ही चुकणार नाही."

शर्वाणी टेबलावर चढली. ती काही विचारत नव्हती. ओठ दाबून पडली होती, बहिणीने बजावून आणलेली असणार, काही विचारू नको, बाहेर काढतील. माझ्या टेबलावर बाई उताणी पडून श्वास रोखून गप्प आहे, हे मला सहन होईना.

मी डोक्यापासून सुरुवात केली नाही. प्रोब सरळ खाली नेला. सोळा आठवड्यांना घाई करून चालत नाही, म्हणून थांबले, कूस बदलायला लावली, पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. सिद्धांत मध्येच घशातून आवाज काढत होता, सुरुची त्याची पाठ थोपटत होती.

"मुलगी आहे," मी म्हणाले. कुणी न विचारता.

शर्वाणी रडायला लागली. हुंदके देऊन, पोट हलवत, मला चित्र स्थिर ठेवता येईना. मुलगी आहे ऐकून बाई आनंदाने रडते, हे बघायची मी चौदा वर्षं वाट बघितली होती. ते आज माझ्या टेबलावर झालं आणि मला मान वर करता आली नाही. मग डोकं मोजलं, पोकळ्या मोजल्या, हात बघितले. बाळाने मूठ उघडली, पाचही बोटं पसरली, अंगठा बाहेर. तेही मी मोठ्याने सांगितलं.

सुरुची रडली नाही. ती टेबलापाशी आली आणि रिपोर्टवर बोट ठेवलं. "लिहून द्या," म्हणाली.

मी 'लिंग' असं छापलेल्या रकान्यात 'स्त्री' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सही केली, तारीख टाकली. तिने कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सिद्धांतला दुसऱ्या कडेवर घेतलं. जाताना त्याची मूठ माझ्या कोटाच्या बाहीला अडकली. अंगठा आत असला तरी चार बोटांनी त्याने कापड धरलं होतं. सुरुचीने ती बोटं एकेक करून सोडवली आणि बहिणीला म्हणाली, चल, खाली गाडी थांबलीय.